बुजुर्गांना सांभाळायला माणूस मिळेना!

"पैसे घ्या, पण माणूस द्या." ही विनवणी पूर्वी माग चालवणारे आणि बांधकामाचे ठेकेदार करीत असत. आता ती घराघरांतून ऐकू येते. अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांना सांभाळण्यासाठी विश्वासाचे माणूस हवे असते आणि ते मिळत नाही.

कोकणाकडे पाहा. खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील तरुण १९७० नंतर मोठ्या संख्येने आखाती देशांत गेले. घरे पक्की झाली, अंगणात गाडी आली. पण ऐंशी वर्षांच्या आईला हात धरून न्हाणीघरापर्यंत नेणारे घरात कोणी उरले नाही. भिवंडी-मालेगावच्या कारागिराची अडचण वेगळी. तिथे मुलगा घरातच आहे. पण वडिलांना लकवा झाला आणि तो त्यांच्याजवळ बसला, की माग बंद आणि मजुरीही बंद. दुकानदाराच्या घरी हे ओझे बहुधा सुनेवर किंवा मुलीवर पडते. तिची शिलाई, तिची नोकरी सुटते. हे नुकसान कोणत्याही खातेवहीत लिहिले जात नाही, एवढेच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्यांतील एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक जण साठीपुढचा असेल. म्हणजे मागणी वाढतच जाणार आहे.

मग माणसे का मिळत नाहीत? कारण या कामाला आपण हुन्नर मानत नाही. ब्यूरोकडून येणाऱ्या मावशीकडून बारा तास रुग्णसेवा, वर भांडी आणि स्वयंपाकही करून घेतला जातो. तिच्या पगारातून ब्यूरो आपला हिस्सा कापतो. सुट्टीचा पत्ता नसतो. वृद्ध पुरुषांसाठी पुरुष सेवक हवा असतो. पण तरुण हे काम कमीपणाचे समजतात. वास्तविक हे काम शिकावे लागते. पडून असलेल्या रुग्णाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला व माकडहाडाला जखमा होतात. नाकातल्या नळीतून अन्न देताना डोके उंच ठेवावे लागते, नाही तर अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. वजन कसे उचलावे हे माहीत नसेल, तर सेवकाचीच कंबर जाते.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब करू. एका रुग्णाला चोवीस तास माणूस हवे असेल, तर बारा तासांच्या आठवड्याला १४ पाळ्या होतात. एका माणसाने ६ पाळ्या करून एक दिवस सुट्टी घेतली, तर दोन माणसे पुरत नाहीत आणि तिसऱ्याला पुरेसे काम राहत नाही. इथेच घरे अडतात. पण एकाच मोहल्ल्यातील तीन घरे एकत्र आली, तर ४२ पाळ्या होतात. त्या सात माणसांत नेमक्या बसतात. आजारपणासाठी आठवा बदली धरा. जे एका घराला जमत नाही, ते तीन घरांना जमते. आठ तासांची पाळी ठेवली तर माणसे जास्त लागतील. पण ती टिकतील.

हे काम जमातीने, व्यापारी मंडळाने किंवा एखाद्या होतकरू तरुणाने हाती घ्यावे. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागते ती शिस्त. सेवकाचे ओळखपत्र व पोलीस पडताळणी असावी. करार लेखी असावा. त्यात तास, दर, सुट्टी आणि कोणते काम करायचे नाही हेही लिहावे. प्रशिक्षणासाठी जवळच्या रुग्णालयाशी बोलावे. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत घरगुती रुग्णसेवेचे अभ्यासक्रम आहेत. त्यांची चौकशी करावी. वजू करवणे, पथ्याचे जेवण, औषधाच्या वेळा हे जाणणारी मोहल्ल्यातीलच माणसे तयार झाली, तर बुजुर्गांनाही परके वाटणार नाही. कितीतरी विधवा भगिनींना आणि बेकार तरुणांना इज्जतीची रोजी मिळेल.

केवळ पैशाने हा प्रश्न सुटत नाही, हे जपानने दाखवून दिले आहे. त्या देशाने एप्रिल २००० पासून वृद्धसेवेचा विमा सुरू केला आणि चाळिशीपासून हप्ता लावला. तरीही माणसे कमी पडली. म्हणून २००८ पासून इंडोनेशियातून आणि पुढे इतर देशांतूनही सेवक आणावे लागले. कुशल कामगार पाठवण्याविषयी भारताचाही जपानशी २०२१ मध्ये करार झाला. त्यात वृद्धसेवेचे क्षेत्र आहे. शिकलेली आपली मुले तिकडे गेली तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना इथे ठेवायचे असेल, तर इथेच योग्य दाम आणि मान द्यावा लागेल.

आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली आहे. त्या कायद्याने दरमहा रक्कम मिळू शकते. रात्री दोन वाजता पाणी पाजणारे माणूस मिळत नाही. ते माणूस आपल्यालाच घडवावे लागेल. कारागीर बंधूंनो, उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार करण्याची रीत आपल्याला नवी नाही. या हुन्नरातही ती सुरू करू या. आज वडिलांसाठी माणूस शोधणारे आपण उद्या त्याच पलंगावर असू.