पैशाची भीड

मराठी पांढरपेशा घरांत वडीलधाऱ्यांच्या देखत ज्या विषयांवर चकार शब्द काढू नये असा अलिखित दंडक आहे, त्यांत पैशाचा क्रम फार वरचा लागतो. होणाऱ्या जावयाच्या पगाराची चौकशी लग्न ठरेपर्यंत निःसंकोच केली जाते. पण त्याच घरातील गृहिणीला आपल्या यजमानांची ठेव कोणत्या बँकेत आहे, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात पडतो आणि घरकर्जाची मुद्दल अद्याप किती उरली आहे, हे विचारण्याची सोय नसते, आणि विचारलेच तर त्या प्रश्नाला अविश्वासाचा वास येतो. या भिडेला आपण आजवर सुसंस्कृतपणाचे लक्षण मानीत आलो. माझे मत असे की, पैशासंबंधीचे आपले गैरसमज अज्ञानापेक्षा या भिडेनेच अधिक पोसले आहेत. कारण पुढे ज्यांचा परामर्श घेणार आहे त्यांतील बहुतेक एखाद्या साध्या प्रश्नाने दूर झाले असते.

पहिला गैरसमज स्वतःविषयीचाच आहे, आणि तो आपण काहीशा अभिमानाने बाळगतो: ‘मराठी माणसाला पैशातले काही कळत नाही.’ इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. सावकाराला व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम जुन्या धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो इंग्रजी अमदानीतही मान्य केला. ज्या समाजाने व्याजाला मर्यादा घालण्याचा विचार इतक्या पूर्वी केला, त्याला पैशातले कळत नव्हते असे कसे म्हणावे? कळत होते, पण कागद वाचता येत नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जी दंगल पेटली आणि पाहता पाहता आसपासच्या गावांत पसरली, तिच्यात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर त्यांच्या पेटीतील खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद हस्तगत करून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला केवळ खतावरील आकड्यावर विसंबून न राहता त्यामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. अंगठा उठवणाऱ्या कुणब्याला जो हिशेब कोणी समजावून सांगितला नाही, तो अखेर सरकारला कायद्याने उघडावा लागला.

आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे, एवढेच. वाहन, फर्निचर किंवा लग्नखर्च यांसाठी कर्ज काढताना समोरचा मनुष्य ‘फक्त १० टक्के, फ्लॅट’ असे म्हणतो, आणि १० हा आकडा ऐकून ऋणको निर्धास्त होतो. प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. १ लाख रुपयांवर ३ वर्षांचे सरसकट १० टक्के दराने ३०,००० रुपये व्याज होते, ते मुद्दलात मिळवून ३६ ने भागले की ३,६११ रुपयांचा मासिक हप्ता ठरतो. परंतु ऋणको दर महिन्याला मुद्दलाचा काही भाग परत करीत असतो, म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीत सरासरीने निम्मी रक्कमच त्याच्यापाशी राहते, आणि व्याज मात्र तो शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर भरतो. घटत्या शिल्लकेवर हा दर मोजला तर तो १८ टक्क्यांच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्ज देणाऱ्याने सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे तथ्यपत्रक ग्राहकाच्या हाती दिले पाहिजे. ते मागून घ्यावे आणि त्यातील तोच एक आकडा आधी वाचावा.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे कर्तव्य संपले, हा याच जातीचा दुसरा समज. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. ते सामान्यतः महिना ३ ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के असते, आणि बाकी शिल्लक असेतोवर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही हातची जाते. गावच्या सावकाराला शिव्याशाप देणारे आपण या दराला ‘सुविधा’ म्हणतो, याची मला मोठी गंमत वाटते.

याच्या उलट टोकाला, कर्ज म्हणजे कलंक असे मानणारी एक पिढी होती, आणि घराचे कर्ज म्हणजे कर्जच नव्हे, ती गुंतवणूक, असे मानणारी दुसरी पिढी आता आली आहे. दोन्ही मते आकड्यांपुढे टिकत नाहीत. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये पडतो आणि एकूण फेड ८३ लाखांच्या पुढे जाते. घर ही गरज असेल तर हा व्यवहार अवश्य करावा. मात्र घराच्या किमतीतील वाढ मोजताना हे ४३ लाख व्याज वहीच्या दुसऱ्या बाजूला मांडायला विसरू नये.

बचतीकडे वळले की भीड पुन्हा आडवी येते. बँकेतील ठेव कितीही मोठी असली तरी ती सर्वस्वी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तिच्या धक्क्यातून भारतात ठेव विम्याची व्यवस्था जन्मास आली आणि १९६२ च्या आरंभी ती अमलात आली, त्या वेळी दर ठेवीदारामागे संरक्षण होते अवघ्या १,५०० रुपयांचे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख आहे. ती एका ठेवीदाराची एका बँकेतील, सर्व शाखांतील, मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेला लागू होते. चार शाखांत चार पावत्या केल्याने ती चौपट होत नाही. परंतु याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. गल्लोगल्ली ज्या पतसंस्था आहेत, त्यांच्या पाटीवर ‘सहकारी’ शब्द असतो, पासबुक असते, काउंटर असतो आणि व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के चढे असते. पण त्या बँका नव्हेत आणि त्यांतील ठेवींना हे विम्याचे छत्र नाही. कित्येक पतसंस्था सचोटीने चालतात हे मी जाणतो. तथापि आयुष्याची पुंजी तेथे ठेवणाऱ्यास कारण विचारले तर ‘चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत’ असे उत्तर मिळते, आणि ओळखीच्या माणसाला ताळेबंद दाखवा असे म्हणणे आपल्या जिभेला जमत नाही.

सोन्याविषयी थोडक्यात आटोपतो. दागिना ही गुंतवणूक, हा समज अर्धाच खरा. कारण घडणावळ खरेदीच्या दिवशीच गेलेली असते, मोडताना घट धरली जाते, आणि आजीच्या पाटल्या मोडण्याची वेळ आली तरी मन धजत नाही. अडीनडीला तारण म्हणून त्यांचा उपयोग आहे, तो कोणी नाकारू नये.

आता ज्याची हल्ली तरुण वर्गात विशेष चर्चा असते, त्या आर्थिक स्वातंत्र्याकडे येऊ. वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की नोकरीला रामराम ठोकावा, असे सूत्र छातीठोकपणे सांगितले जाते. याचे मूळ अमेरिकेत आहे. विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४ साली तेथील शेअर बाजाराचे आणि सरकारी रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासून असा निष्कर्ष काढला की, निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, आणि पुढे महागाईच्या प्रमाणात वाढवीत रक्कम काढली, तर ती पुंजी ३० वर्षे पुरत आली आहे. देश त्यांचा, बाजार त्यांचा, महागाई त्यांची आणि मुदत ३० वर्षांची. पुण्यातील चाळिशीच्या गृहस्थाने पुढील ४५ वर्षांसाठी त्याचा मंत्र करावा, याला आधार नाही.

‘एक कोटी झाले की सुटलो’ हे दुसरे सूत्र. दरमहा ५,००० रुपये ३० वर्षे गुंतविले आणि १० टक्के परतावा मिळाला तर १ कोटी १३ लाख होतात, हे गणित बिनचूक आहे. मात्र महागाई ६ टक्के धरली तर त्या रकमेची क्रयशक्ती आजच्या सुमारे २० लाखांइतकी राहील. आणि आज ज्या घराचा वार्षिक खर्च ४ लाख आहे, त्याला पुढील व्याज महागाईतच जिरते असे धरले, तर ती ५ वर्षे पुरेल. हे सांगून कोणाला नाउमेद करण्याचा हेतू नाही. उलट खर्चाच्या बाजूला केवढे सामर्थ्य आहे ते पाहा: महिन्याचा खर्च ५,००० रुपयांनी कमी झाला, तर तेवढी बचत वाढतेच, शिवाय त्याच २५ पटीच्या सूत्राने लागणारी पुंजी १५ लाखांनी घटते. पगारवाढीने ही दुसरी किमया होत नाही. तिच्यासोबत खर्चही वाढला तर ती उलटीच होते. म्हणून माझ्या मते या स्वातंत्र्याचा आरंभ कोटीपाशी नसून सहा महिन्यांच्या घरखर्चाची बेगमी करण्यापाशी आहे. तेवढी गाठीशी असलेला मनुष्य वरिष्ठाच्या अन्याय्य मागणीला नकार देऊ शकतो. नसलेला, पगार दुप्पट असूनही, देऊ शकत नाही.

शेवटचा गैरसमज असा की, हे स्वातंत्र्य कमावत्या पुरुषाने मिळवायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या सावलीत निश्चिंत राहायचे. मार्च २०२४ अखेर बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा केलेल्या बेवारस ठेवी ७० हजार कोटी रुपयांच्या वर गेल्या होत्या. दहा वर्षे कोणी फिरकले नाही म्हणजे खात्यातील रक्कम तेथे जाते. तिच्यातला काही भाग तरी अशा घरांचा असला पाहिजे, जेथे मालक गेला आणि मागे राहिलेल्यांना पावतीचा पत्ताच नव्हता. कोणी म्हणेल, आम्ही नॉमिनी लावला आहे. पण नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती रक्कम दिली म्हणजे बँक जबाबदारीतून मोकळी होते. रकमेची मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. आयुर्विम्यात पती-पत्नी, आईवडील व मुले यांच्यापुरता २०१५ पासून अपवाद आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती की, येत्या रविवारी दुपारचे जेवण आटोपल्यावर कपाटातील सर्व कागद घरातील सज्ञान माणसांसमोर एकदा काढावेत आणि त्यांची यादी कोणाही एकाच्या हस्ताक्षरात लिहून ठेवावी. मालकीचा प्रश्न मागे ठेवायचा नसेल तर मृत्युपत्रही करावे: त्याला मुद्रांक लागत नाही, त्याची नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार एवढ्यावर ते कायद्याने ग्राह्य ठरते.