शेऱ्याचं पुढं काय झालं? (संस्था आणि नियम : लेखांक 7)

सहकारी बँकेवर कोणाकोणाची देखरेख असते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. बँकिंगचा कारभार रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली, तर नोंदणी आणि अवसायन सहकार खात्याकडे. आज देखरेख करणाऱ्यांना बाजूला ठेवू आणि बँकेच्या आत शिरू.

7 ऑक्टोबर 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने साताऱ्याच्या जिजामाता महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. सातारा-सांगलीला अशा बातम्या नव्या नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये कराड जनता सहकारी बँक गेली, मार्च 2022 मध्ये शिराळ्याची सर्जेरावदादा नाईक बँक, जुलै 2023 मध्ये वाईची हरिहरेश्वर. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची आशा नाही, हे कारण अशा आदेशांत ठरलेलंच असतं. जिजामाता बँकेच्या आदेशात मात्र त्याशिवाय एक गोष्ट होती, आणि आजचा लेख तिच्यासाठीच लिहितो आहे.

या बँकेचा परवाना पहिल्यांदा 30 जून 2016 रोजी रद्द झाला होता. बँक अपिलात गेली आणि 23 ऑक्टोबर 2019 रोजी परवाना परत मिळाला. गेलेला परवाना परत मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. अपिलात एक सूचना होती: बँकेची खरी स्थिती कळावी म्हणून 2013-14 या वर्षाचं फॉरेन्सिक ऑडिट करावं. रिझर्व्ह बँक म्हणते की बँकेने सहकार्य न केल्यामुळे ते ऑडिट पूर्णच होऊ शकलं नाही. दरम्यान आर्थिक स्थिती ढासळत गेली आणि परवाना पुन्हा गेला.

दुसरी संधी मिळालेल्या संस्थेची वह्या उघडायलाच तयारी नसेल, तर तिथे नियम माहीत नव्हते असं कोणी म्हणू शकणार नाही. नियम सगळ्यांना पाठ असतात. थकलेलं कर्ज 90 दिवसांनी अनुत्पादित धरायचं, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायचं नाही, हे शाखेतला नवा कारकूनही सांगेल. प्रश्न असतो तो तपासणी अधिकाऱ्याने शेरा मारल्यानंतरचा.

बहुतेक संस्थांत शेऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ.’ हे उत्तर लिहिणारा असतो एखादा कनिष्ठ अधिकारी. त्याला ना कर्जाची फाइल नीट पाहायला मिळालेली असते, ना कोणाला प्रश्न विचारायचा अधिकार असतो. पुढच्या वर्षी तोच शेरा येतो, तेच उत्तर जातं. मार्च जवळ आला की थकलेली खाती ‘नवं-जुनं’ करून घेतात. म्हणजे नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं फेडल्याचं दाखवायचं. ताळेबंद देखणा होतो, वार्षिक अहवालात ‘ऑडिट वर्ग अ’ ठळक अक्षरांत छापता येतो. सोवळं नेसून दाराशी बसायचं आणि आत उष्टी भांडी तशीच, असा हा प्रकार.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. कारखाना, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि बँक यांच्या संचालक मंडळांत बहुतेक तीच माणसं. शाखाधिकारी त्यांच्याच गावचा, कधी त्यांच्याच शब्दावर लागलेला. ‘साहेब, ही फाइल नियमात बसत नाही’ असं तो म्हणाला, तर पुढचं पत्र बदलीचं येईल अशी भीती त्याला असते. ही भीती आहे तोवर प्रशिक्षण शिबिरं भरवून काही होणार नाही. खरं तर अशा शिबिरांचे फोटोच जास्त होतात.

मग करायचं काय? शेऱ्यासमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहायची. दुरुस्ती झाल्याचा कागद जोडल्याशिवाय शेरा मिटवायचा नाही. मागच्याच वर्षीचा शेरा पुन्हा आला, तर तो कारकुनाकडे न जाता थेट संचालक मंडळापुढे जायला हवा आणि तिथे काय चर्चा झाली ते इतिवृत्तात यायला हवं. ऑडिटरने वर्षातून एकदा तरी मुख्य कार्यकारी अधिकारी खोलीत नसताना ऑडिट समितीशी बोलावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: अध्यक्षांनी पाठवलेल्या माणसाचं कर्ज ज्या शाखाधिकाऱ्याने नियमावर बोट ठेवून नाकारलं, त्याला अध्यक्षांनीच सभेत शाबासकी द्यावी. एकदा असं झालं की पुढची दहा परिपत्रकं नाही काढली तरी चालतील. कर्मचारी वरच्यांची वागणूक बघून शिकतो.

‘ठेवी सुरक्षितच आहेत की’ असं यावर कोणी म्हणेल. ठेव विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाखांवर गेली, हे खरं. जिजामाता बँकेच्या एकूण ठेवींपैकी 94.41 टक्के रक्कम विम्याखाली होती. पण उरलेले ठेवीदार कोण? मुलीच्या लग्नासाठी जमीन विकलेला, निवृत्तीची रक्कम एकाच ठिकाणी ठेवलेला. शिवाय निर्बंध लागल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचा काळ वेगळाच. कराड जनता बँकेवर नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध आले आणि परवाना गेला तीन वर्षांनी. आता कायद्यात सुधारणा झाली आहे, निर्बंध लागल्यावर 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. विम्यामुळे बँकेचा कारभार मात्र सुधारत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं 82 वं कलम सांगतं की ऑडिटमध्ये दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती तीन महिन्यांत कळवायची आणि तो अहवाल पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा. सभेच्या विषयपत्रिकेवर ‘दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे’ अशी ओळ असते. ती वाचली जाते, मागून ‘मंजूर, मंजूर’ ऐकू येतं आणि सभा चहापानाकडे वळते. तुम्ही एखाद्या बँकेचे सभासद असाल तर येत्या सभेत त्या विषयाला उभे राहा, अहवाल वाचून दाखवायला सांगा, आणि त्यातले किती शेरे मागच्या वर्षीही होते एवढंच विचारा.