पेंडीतले नत्र आणि कोंबडीचे पोट

एका कुक्कुटपालकाने दोन दुकानांतून शेंगदाणा पेंडीचे एकेक पोते आणले असे समजा. दोन्ही पोत्यांवर ‘प्रथिने ४५ टक्के’ असे छापलेले आहे. दुसरे पोते थोडे स्वस्तही पडले. काही आठवड्यांनी पाहावे तो पहिल्या पेंडीवरची पिल्ले चांगली अंग धरलेली, तर दुसरीवरची खुरटलेली! छापलेला आकडा खोटा म्हणावा, तर प्रयोगशाळेतही दुसऱ्या पेंडीत प्रथिने ४५ टक्केच भरतात. कोंबड्या पाळण्याच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. तेव्हा हे कोडे त्या कुक्कुटपालकाला सोडवावेच लागेल.

त्यासाठी प्रथिने मोजतात कशी ते पाहू. गंमत अशी, की या नेहमीच्या पद्धतीत प्रथिने कोणी मोजतच नाही! मोजतात ते नत्र. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल हा रसायनशास्त्रज्ञ काम करीत असे. बिअरसाठी लागणाऱ्या जवातील प्रथिने मोजण्याची सोपी रीत त्याला हवी होती. ती त्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, म्हणजे त्यातील नत्राचे अमोनियम सल्फेट बनते. त्यात दाहक सोडा घातला की अमोनिया वायू सुटतो. तो आम्लात पकडून मोजायचा. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते, म्हणून आलेल्या नत्राला ६.२५ ने गुणायचे. पेंडीत ७ टक्के नत्र निघाले तर प्रथिने झाली ४३.७५ टक्के.

येथेच चोरवाट आहे. नत्र कोठून आले हे केल्डालच्या चंबूला कळत नाही. युरिया या खतात ४६ टक्क्यांहून अधिक नत्र असते. वरील हिशेबाने त्याची ‘प्रथिने’ २९१ टक्के होतात! आता गणित करा. ४० टक्के प्रथिनांची ९८ किलो पेंड घेतली आणि तिच्यात २ किलो युरिया मिसळला. पेंडीचे ३९.२ आणि युरियाचे ५.८, मिळून बरोबर ४५. आपल्या कुक्कुटपालकाचे दुसरे पोते असेच ‘सुधारलेले’ होते. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव थोड्याफार युरियाचा उपयोग करून घेतात. कोंबडीला ती सोय नाही.

बरे, भेसळ नसली तरी प्रथिन आणि प्रथिन यांत फरक असतोच. प्रथिने अॅमिनो आम्लांची बनलेली असतात. पूर्वीच्या छापखान्यात बाकीचे खिळे ढीगभर असले आणि एका अक्षराचेच संपले, की जुळणी तेथेच अडे. पिल्लाच्या शरीराचेही तसेच होते. शेंगदाणा पेंडीत लायसीन कमी पडते, सोयाबीनमध्ये मिथिओनीन. म्हणून खाद्य करताना एकाच पेंडीवर विसंबत नाहीत.

ऊर्जेचे मोजमाप याहून मजेदार आहे. पोलादी भांड्यात, प्राणवायूच्या दाबाखाली पदार्थ जाळून त्याची उष्णता मोजता येते. पण या यंत्रात ज्वारीचे दाणे जाळा नाहीतर कडबा, उष्णता जवळजवळ तेवढीच! कडब्यावर कोंबडी जगेल काय? म्हणून निवाडा कोंबडीवरच सोपवावा लागतो. तिने खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेतून विष्ठेबरोबर बाहेर पडलेली ऊर्जा वजा करायची. पक्ष्यांची विष्ठा आणि मूत्र एकाच वाटेने येत असल्याने हे काम गाईबैलांपेक्षा सोपे जाते. कॅनडातील सिबल्ड यांनी १९७६ मध्ये याची एक झटपट रीत मांडली. उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांना मोजून खाद्य भरवायचे आणि तशाच उपाशी, पण काही न भरवलेल्या कोंबड्यांशी त्यांची तुलना करायची. उपाशी कोंबडीच्या शरीरातूनही थोडी ऊर्जा बाहेर पडतच असते. ती हिशेबात धरली नाही, तर बिचाऱ्या खाद्यावर उगाच खोट येते. मक्याची उपयोगी ऊर्जा किलोला सुमारे ३३०० किलोकॅलरी भरते.

आता सोयाबीनकडे वळू. लातूर, वाशीमकडच्या वाचकांना ते शेतातच मिळेल. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, पण त्यांच्या पचनासाठी लागणाऱ्या ट्रिप्सीन या पाचक द्रव्याला अडवणारा पदार्थही त्यातच असतो. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये दाखवले होते. उष्णतेने हा अडवणारा पदार्थ नष्ट होतो. तो पुरेसा नष्ट झाला की नाही, हे ओळखण्याची युक्ती तुम्हाला शाळेत करून पाहता येईल.

दोन लहान बाटल्या घ्या. एकीत कच्च्या सोयाबीनची चमचाभर पूड, दुसरीत अर्धा तास उकळून ठेचलेले सोयाबीन घाला. दोन्हींत थोडे पाणी आणि चिमूटभर युरिया टाका. ओला तांबडा लिटमस कागद तोंडाशी लोंबता ठेवून झाकणे लावा. तासाभराने पहिल्या बाटलीतला कागद निळा झालेला दिसेल. झाकण काढून हाताने वारा नाकाकडे घ्या. नाक बाटलीला लावू नका. अमोनियाचा वास ओळखू येईल. सोयाबीनमधील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते. या विकराने कोंबडीचे काही बिघडत नाही. पण ट्रिप्सीनला अडवणारा पदार्थ ज्या उष्णतेने नष्ट होतो, जवळपास तेवढ्यानेच तेही नष्ट होते. म्हणून खाद्याच्या कारखान्यांतही हीच कसोटी वापरतात.

मात्र कोणी पेंड करपेपर्यंत तापवली, तर ही कसोटी गप्प बसते. लायसीन शर्करेशी जखडले जाते आणि कोंबडीला मिळत नाही. केल्डालच्या चंबूत नत्र मात्र पहिल्याइतकेच दिसते. अशा वेळी पेंड सौम्य पोटॅशच्या द्रावणात ढवळून तिची किती प्रथिने विरघळतात ते पाहतात. बेताने भाजलेल्या पेंडीतील बरीचशी विरघळतात, करपलेल्या पेंडीतील फार थोडी.