शिकण्याची मुळं (लेखांक ९) : बोटांना कळलेला पाक

घोकलेलं विसरतं आणि हाताने केलेलं टिकतं, असं का होतं, हा प्रश्न गेल्या आठवड्यात अर्धवट राहिला होता. त्याचं उत्तर शोधायला या वेळी करवीर-पन्हाळ्याच्या बाजूच्या एखाद्या गुऱ्हाळावर जाऊ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तो गूळ ज्याच्या हातातून उतरतो, त्या गुळव्याकडे शिक्षणाच्या नजरेने फारसं कुणी बघत नाही.

काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उसाचा रस उकळू लागतो, मळी वर येते, ती काढली जाते. काकवी हवी असेल तर रस साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात. ढेपेचा गूळ हवा असेल तर ११८ अंशांच्या जवळ जावं लागतं. मधल्या या बारा-तेरा अंशांत सगळा खेळ असतो. काहील लवकर उतरवली तर गूळ चिकट राहतो, उशीर झाला तर करपतो आणि काळा पडतो. गुळव्याला हे तापमान आकड्यात माहीत असण्याची गरज नसते. तो बुडबुड्यांचा आकार बघतो, उकळण्याचा बदलता आवाज ऐकतो, वाफेचा वास घेतो आणि शेवटी थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो. त्याच्या एका शब्दावर आग सांभाळणारा जळव्या चुलवाणातला जाळ ओढतो किंवा वाढवतो.

हे ज्ञान नवशिक्याला कसं मिळतं? शेजारी उभं राहून नुसतं बघत राहिल्याने नाही. त्याला गार पाण्यातल्या पाकात बोटं बुडवावी लागतात, ‘आता झाला’ किंवा ‘अजून नाही’ असा स्वतःचा अंदाज मनाशी बांधावा लागतो, आणि तो अंदाज खरा होता की खोटा हे गार करायच्या वाफ्यात ओतलेला पाक थोड्याच वेळात दाखवून देतो. स्वतः केलेली हालचाल, स्वतः बांधलेला अंदाज आणि लगेच समोर आलेला परिणाम यांची अशी गाठ पडते, तेव्हा इंद्रियांना जाणवलेल्याचं ज्ञान होतं. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे. मुलांना ‘अनुभव’ देण्याच्या नावाखाली आज जे जे चालतं, त्यातलं बरंचसं या कसोटीला उतरत नाही, म्हणून ते जरा खोलात जाऊन मांडतो.

रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली मांजरीच्या पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अंधारात वाढवलेली दोन पिल्लं रोज काही तास एका गोल फिरणाऱ्या यंत्राला जोडली जात. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरं पाळण्यात बसलेलं, पहिल्याच्या चालण्याने आपोआप फिरवलं जाणारं. भोवतीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती दोघांनाही सारख्याच दिसत होत्या. पण पुढे पाहिलं तर चालणाऱ्या पिल्लाला खोलपणा कळत होता, जमीन जवळ आली की ते पंजा पुढे करी. पाळण्यातल्याला हे जमत नव्हतं. डोळे निरोगी आणि दिसणारं दृश्यही तेच, मग उणीव कुठली? आपण हललो म्हणून दृश्य हललं, हा संबंध त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्याला मोकळं सोडल्यावर थोड्याच दिवसांत तेही सुधारलं, हेही सांगायला हवं. मोबाइलच्या पडद्यावर रंग, प्राणी, आकडे पाहणारं दोन वर्षांचं मूल बघितलं की मला तो पाळणा आठवतो. त्या मुलाला दिसतं पुष्कळ, पण बहुतेक काही त्याच्या हालचालीने घडत नाही.

दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे, पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विचारवंताने १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून एक कोडं घातलं होतं. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी मिळाली, तर हात न लावता नुसतं बघून तो ते ओळखेल का? तीन शतकं तत्त्वज्ञ यावर वाद घालत होते. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने भारतातल्या, मुख्यतः जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून दृष्टी दिली आणि त्याच वेळी हे कोडं तपासलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं होती. हाताला ओळखीची झालेली वस्तू पट्टी काढल्यावर लगेच डोळ्यांनी ओळखणं त्यांना जमलं नाही; उत्तरं जवळपास अंदाजपंचे होती. मात्र पुढच्या काही दिवसांतच, कुणी मुद्दाम न शिकवता, हात आणि डोळे यांचा मेळ बसू लागला. म्हणजे इंद्रियं एकमेकांची भाषा जन्मतःच बोलतात असं नाही. रोजच्या उचलण्या-ठेवण्यातून, चाचपडण्यातून ती एकमेकांना ओळखू लागतात. आणि हे उशिरा सुरू झालं तरी बरंचसं साधतं, ही फार दिलासा देणारी बाब आहे.

शाळेत आपण इंद्रियं पाच शिकलो. त्यांच्या पलीकडे दोन जाणिवा आहेत, आणि कोल्हापूरकराला त्या समजावून सांगायला तालमीत नेलं तरी पुरे. एक कानाच्या आतल्या भागातली तोल सांभाळणारी जाणीव, दुसरी स्नायू-सांध्यांतून येणारी, आपला कोणता अवयव कुठे आहे आणि किती जोर लावतोय हे सांगणारी. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे असतात, तेव्हा समोरच्याचं वजन कोणत्या पायावर गेलं हे ते डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त वाचतात. वस्ताद ‘पट काढ’ असं बाहेरून ओरडतो, पण नेमका क्षण अंगालाच कळावा लागतो. लहान मूल झाडावर चढतं, बांधावरून तोल सावरत चालतं, पाण्याची घागर अर्धी भरून आणतं, तेव्हा याच दोन जाणिवा घडत असतात. अक्षर नीट यावं म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल खुपसणाऱ्या पालकांनी आधी खांदा, मनगट आणि बोटं यांना पुरेसं काम मिळालं का, हे पाहावं.

शिक्षणात या विचाराची वाट आपल्याकडे नवी नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका भावनगरला त्यांच्या पद्धतीने काम करत होते. माँटेसरींच्या साधनांत एक कडक शिस्त आहे. गुलाबी मनोऱ्यातले दहा ठोकळे एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात; रंग एकच, लाकूड एकच, बदलतो तो फक्त आकार. चूक झाली तर मनोराच ती दाखवतो, बाईंना बोलावं लागत नाही. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला हीच शिस्त शिंपले, बिया, पानं, खडे यांत आणली. साधन स्वस्त झालं, पण त्यामागचा विचार पातळ झाला नाही.

कोल्हापुरात हा धागा लीलाताई पाटील यांनी उचलला. कादंबरीकार ना. सी. फडके यांची ही कन्या शिक्षकांना घडवण्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर थांबली नाही. १९८५ मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. भोवतालचे अनुभव, हाताने करायची कामं आणि मुलांचं स्वतःचं लिहिणं यांना त्या शाळेत मध्यवर्ती जागा मिळाली. मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोलाची बाब वाटते ती ही की त्या अनुभवापाशी थांबल्या नाहीत. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नावच बोलकं आहे. मुलाने रंकाळा तलावावर जाऊन पाणी पाहिलं, तिथला वास घेतला, काठावरची माती हातात घेतली, तर ती सहल झाली. परत येऊन ‘पाणी हिरवं का दिसलं’ यावर त्याने डोकं खाजवलं, दोन मित्रांशी वाद घातला, चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या, की ते शिकणं झालं. शब्दाशिवाय अनुभव विरून जातो, अनुभवाशिवाय शब्द पोकळ राहतो.

इथेच एका गैरसमजाला रोखठोक विरोध करायला हवा. ‘तुमचं मूल व्हिज्युअल आहे, त्याला चित्रांनीच शिकवा’, असं सांगणाऱ्या कार्यशाळा आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाची शिकण्याची पद्धत ठरवणाऱ्या चाचण्या गावोगाव विकल्या जातात. मुलाच्या ‘पद्धती’प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला भरवशाचा पुरावा नाही, मानसशास्त्रज्ञ हेरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हेच दाखवलं. ठशांच्या चाचणीला तर शास्त्राचा आधारच नाही. विषयाला जे इंद्रिय हवं ते द्यावं: नकाशा डोळ्यांनी, कविता कानांनी, अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून. त्या चाचणीचे पैसे वाचवून घरी तराजू आणावा.

आणि इंद्रियांना जास्त मिळालं म्हणजे चांगलं, असंही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत भिंती हादरवणारा डॉल्बी लागतो, तेव्हा कान झाकून रडणाऱ्या मुलाला ‘भित्रा’ म्हणून पुढे ढकलू नये. प्रत्येकाची मज्जासंस्था आवाज, उजेड, स्पर्श सारख्याच तीव्रतेने घेत नाही. स्वमग्न मुलांमध्ये हा फरक इतका ठळक असतो की २०१३ पासून ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथात तो स्वमग्नतेच्या निकषांत धरला आहे. आपल्या कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तिचं पालन करणं हा अशा मुलांच्या, तान्ह्या बाळांच्या आणि आजारी माणसांच्या हक्काचा भाग आहे. अशा मुलासाठी मिरवणुकीच्या दिवशी घरातली एक शांत खोली, कानांवर जाड पट्टी आणि ‘तुला नको असेल तर जाऊ नकोस’ हे एक वाक्य पुष्कळ असतं.

उतारवयात हीच गोष्ट उलटी होते. तिथे इंद्रियं हळूहळू माघार घेतात आणि माणूस त्यांच्यासोबत गप्प होत जातो. डिमेन्शियाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने बदलता येण्याजोग्या जोखीम-घटकांत कमी ऐकू येणं धरलं आहे, आणि २०२४ मध्ये त्यात उपचार न झालेला दृष्टिदोषही घातला. आजी हल्ली ‘तिरसट’ झाली, बोलण्यात भाग घेत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, अशी तक्रार घरात असेल तर तिच्या स्वभावावर बोलण्याआधी तिचे कान तपासून घ्या, चष्म्याचा नंबर बघा. मग तिला निवडायला तूर द्या, नातवाला शेजारी बसवा, खडा कोणता आणि दाणा कोणता हे त्याच्या बोटांना तिच्याकडून शिकू द्या.

पुढच्या आठवड्यात वासाबद्दल: आठवणी जागवण्यात त्याचा वाटा कुठे सुरू होतो आणि त्याबद्दलच्या कोणत्या कथा अतिरंजित आहेत.