स्लो कुकरमध्ये बटाटा-चीज सूप: मशीन चालतं कसं, आणि मध्येच लाईट गेली तर?

स्लो कुकरचे व्हिडिओ बघितले की सगळं एकदम सोपं वाटतं. सकाळी बटाटे चिरून टाका, बटण फिरवा, कामाला जा, घरी आलात की सूप तयार. पण यातले बहुतेक व्हिडिओ अशा देशांत बनतात जिथे लाईट क्वचित जाते आणि व्होल्टेज फारसं हलत नाही. मी राहात्यात राहतो. इथे दोन्ही गोष्टी होतात. त्यात आमच्या घरी दिवसा वडील एकटे असतात. दातांमुळे त्यांना मऊ जेवण लागतं आणि दुपारी ते स्वतःच वाढून घेतात. त्यामुळे "सूप क्रीमी झालं का?" याच्या आधी मला "सूप खाण्यालायक आहे का?" हे बघावं लागतं.

या लेखात दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाहू. आधी मशीन, मग रेसिपी, मग लाईट.

स्लो कुकर म्हणजे नक्की काय?

यात तीनच भाग असतात: बाहेरचं कवच (त्याच्या आत हीटिंग कॉइल), आतलं सिरॅमिकचं जाड भांडं आणि काचेचं झाकण. शिट्टी नाही, प्रेशर नाही. साडेतीन लिटरचा कुकर साधारण २०० वॅटचा असतो. घरातली इंडक्शन शेगडी २००० वॅटपर्यंत जाते, म्हणजे हा तिच्या दहावा हिस्सा.

एवढ्या कमी उष्णतेत अन्न शिजतं कसं? कॉइल सतत थोडी थोडी उष्णता देत राहते आणि भांडं थोडी थोडी बाहेर सोडत राहतं. काही तासांनी दोन्ही सारख्या होतात आणि तापमान उकळीच्या जरा खाली स्थिर होतं. बहुतेक मॉडेलमध्ये 'लो' आणि 'हाय' शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचतात. हाय लवकर पोचतं, लो उशिरा, एवढाच फरक. म्हणूनच मध्ये मध्ये झाकण उघडून बघायचं नसतं. एकदा झाकण उघडलं की २० ते ३० मिनिटांची पिछेहाट.

कल्पना आपल्याला नवीन नाही. चुलीला जोडून असलेल्या वैलावर आमटी किंवा दूध ठेवायचे ते याच तत्त्वावर: मुख्य जाळ नाही, उरलेली धग. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' बनवला. एकावर एक डबे, खाली थोडा कोळसा, आणि वाफेवर सावकाश स्वयंपाक. पुण्याच्या 'आरती' संस्थेचा 'सराई कुकर' त्याच जातीचा. त्यात मूठभर कोळशावर घरातल्या चार-पाच जणांचं जेवण होतं. विजेवरच्या स्लो कुकरचं श्रेय अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांना जातं. त्यांच्या पेटंटला १९४० मध्ये मंजुरी मिळाली आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलं. आमच्या तालुक्यात, शिर्डीच्या प्रसादालयात, २००९ पासून सौर तबकड्यांनी तयार केलेल्या वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक होतो. तिथे ऊन हा स्रोत आहे, इथे सॉकेट. दोन्हीकडे प्रश्न एकच: स्रोत मध्येच थांबला तर?

आधी तुमची लाईट तपासा

कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २०० वॅट देणारा कुकर १८० व्होल्टला जेमतेम १२२ वॅट देतो. म्हणजे व्होल्टेज पावपटीहून थोडं कमी घटलं तरी उष्णता जवळजवळ ४० टक्के कमी होते. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं. मोटारी सुरू झाल्या आणि बल्ब पिवळा पडला की स्लो कुकरही तेवढाच थकलेला असतो, फक्त तो तसं दाखवत नाही.

त्यामुळे नवीन कुकर आणला की आधी ही चाचणी करा:

१. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त पाण्याने भरा.
२. झाकण लावून लोवर ८ तास ठेवा.
३. झाकण उघडल्या उघडल्या स्वयंपाकाच्या डिजिटल थर्मामीटरने तापमान मोजा.

८५ ते ९३ अंश सेल्सिअस आलं तर कुकर आणि तुमची लाईट दोन्ही ठीक आहेत. ८५ च्या खाली आलं तर त्या ठिकाणी लोवर अन्न शिजवू नका.

अजून एक महत्त्वाचं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला कुकर असेल तर त्याच्या खालचं लेबल वाचा. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो नुसता पिन बदलून आपल्या सॉकेटला लावायचा नाही. २३० व्होल्टवर कॉइल साडेतीन पटींहून जास्त वॅट ओढेल. २५० वॅटचा कुकर ९०० वॅटच्या वर जाईल आणि जळेल. त्याला योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

बटाटा-चीज सूप: साहित्य आणि कृती

चार-पाच जणांसाठी, साडेतीन लिटरच्या कुकरमध्ये:

- बटाटे ७५० ग्रॅम (शक्यतो जुने, नव्या बटाट्यात पाणी जास्त, स्टार्च कमी)
- मोठा कांदा १, गाजर १, लसूण ५-६ पाकळ्या
- लोणी १ मोठा चमचा
- उकळतं पाणी पाऊण लिटर
- दूध ३०० मिली, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा
- प्रोसेस्ड चीज १०० ग्रॅम, किसून
- मिरपूड, मीठ

१. कांदा-लसूण लोण्यावर गॅसवर पाच मिनिटं परता. स्लो कुकरमध्ये कांदा शिजतो, पण लालसर होत नाही. ती चव कढईतच आणावी लागते.

२. बटाटे सोलून दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. बटाटे, गाजर आणि परतलेला कांदा भांड्यात घालून वर उकळतं पाणी ओता. सगळे बटाटे पाण्याखाली हवेत. वर राहिलेले तुकडे कच्चे राहतात आणि काळे पडतात. सिरॅमिकचं भांडं फ्रिजमधून काढलेलं किंवा गार असेल तर उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. आधी कोमट पाण्याने विसळा.

३. हायवर साडेतीन ते चार तास, किंवा लोवर सात ते आठ तास. सुरीचं टोक सहज आरपार गेलं पाहिजे.

४. वरण घोटायच्या रवीने अर्धे बटाटे घोटा, अर्धे तसेच ठेवा. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर जास्त फिरवला तर बटाट्यातला स्टार्च फुटून बाहेर येतो आणि सूपची खळ होते. रवी पुरते.

५. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवा. बाकीचं दूध गरम करून दोन्ही भांड्यात घाला. हायवर २० मिनिटं ठेवा.

६. कुकर बंद करा. चीज तीन वेळा थोडं थोडं घालून ढवळा. मीठ सगळ्यात शेवटी, कारण चीजमध्ये ते आधीच असतं.

दूध-चीज शेवटीच का?

बरेच जण सगळं एकदमच टाकतात आणि मग सूप रवाळ झालं म्हणतात. यात कुकरचा दोष नसतो.

बटाट्यातला स्टार्च ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुगतो. पण पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सुटायला त्याहून जास्त तापमान आणि वेळ लागतो. म्हणून बटाट्याला तास लागतात. दुधाचं उलट आहे. तासन्‌तास गरम राहिलं, त्यात भाज्यांचा आंबटपणा आणि मीठ मिसळलं, की त्यातली प्रथिनं गुठळ्या धरतात. चीज जास्त वेळ तापलं की प्रथिनांचं जाळं आकसतं आणि तूप वेगळं तरंगतं.

प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफाय करणारे क्षार असतात. ते चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते सुपात गुळगुळीत विरघळतं. पिझ्झाच्या मोझरेलाची तार निघते. पनीर तर वितळतच नाही. ते आम्लाने फाडलेलं असतं आणि त्यात वितळायला लागणारी रचना उरलेली नसते.

आमच्या घरी याचा अजून एक फायदा झाला. दुपारी भांड्यात फक्त बटाटा-भाजीचं सूप असतं. वडील वाडग्यात दोन पळ्या घेतात आणि त्यात गरम दूध आणि किसलेलं चीज स्वतः घालतात. बाकीच्या सुपात दूध आम्ही संध्याकाळी घालतो. दूध दिवसभर भांड्यात राहतच नाही.

मध्येच लाईट गेली तर?

आता मुख्य मुद्दा. साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. बटाटा, गाजर मातीतून येतात आणि काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. काही जिवाणूंनी सोडलेलं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "गरम करून घेऊ, काही होत नाही" हे इथे चालत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे:

- तुम्ही घरी आहात आणि लाईट गेली: अन्न लगेच गॅसवर घेऊन शिजवून टाका.
- अन्न पूर्ण शिजलं होतं आणि मग लाईट गेली: बंद कुकरमध्ये दोन तासांपर्यंत चालेल.
- घरी कोणीच नव्हतं आणि लाईट किती वेळ गेली ते माहीत नाही: फेकून द्या, दिसायला शिजलेलं असलं तरी.

तिसरा नियम जिवावर येतो. पण तो का आहे, ते मशीन बघितलं की कळतं. डिजिटल मॉडेल लाईट गेली की बहुतेक वेळा बंदच राहतं. लाईट आल्यावरही सुरू होत नाही. तुम्ही येता, सूप गार असतं, तुम्हाला कळतं. फिरवायच्या बटणाचा कुकर मात्र लाईट आली की आपोआप पुन्हा सुरू होतो. मध्ये तीन तास गार पडलेलं सूप तुम्ही याल तेव्हा वाफाळत असतं. सोयीचं वाटणारं मॉडेल हीच गोष्ट लपवतं.

यावर तीन उपाय आहेत:

१. घड्याळ बघा. मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकत असेल तर लाईट जाऊन आली आहे. वडिलांना आम्ही एवढंच सांगितलंय: घड्याळ लुकलुकत असेल तर वाढायच्या आधी फोन करायचा.

२. स्मार्ट प्लग. वीजवापर मोजणारा घ्या आणि वायफाय राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. ॲपमधल्या आलेखात लाईट कधी गेली, किती वेळ गेली ते दिसतं. सूप चांगलं तापल्यानंतरची १०-१५ मिनिटांची खाच असेल तर काळजी नाही, जाड भांडं झाकणासकट तेवढी उष्णता सांभाळतं. तास-दीड तासाचा खड्डा दिसला तर सूप जनावरांनाही घालू नका. सेटिंगमध्ये 'लाईट आल्यावर आधीची स्थिती' हा पर्याय निवडा, नाहीतर प्लगच बंद राहील.

३. इन्व्हर्टर. इथे २०० वॅटचा खरा फायदा होतो. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. कुकर दोन तास चालला तर ४०० लागतात. पंखा आणि दिवे धरूनही चांगल्या बॅटरीला हे जमतं. इंडक्शनला इन्व्हर्टरवर लावता येत नाही, स्लो कुकरला येतं. आमच्याकडे तो त्याच लाइनवर आहे.

वीज वाचते का?

नाही. २०० वॅट गुणिले ४ तास म्हणजे ०.८ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ६ रुपये ४० पैसे. दोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण ०.१७ युनिट पुरतं, आणि प्रेशर कुकरमध्ये बटाटे तीन शिट्ट्यांत होतात. स्लो कुकर वीज वाचवत नाही, तुमचं गॅससमोर उभं राहणं वाचवतो. शिवाय घरात एकट्या असलेल्या वयस्कर माणसाला गॅस पेटवावा लागत नाही.

नेहमीचे दोन प्रश्न

*यात राजमा करता येईल का?* भिजवलेला कच्चा राजमा थेट टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं विष कमी तापमानात नष्ट होत नाही. आधी गॅसवर निदान १० मिनिटं खळखळून उकळा, ते पाणी टाका, मगच कुकरमध्ये घाला.

*उरलेलं सूप कुकरमध्येच ठेवू का?* नको. जाड भांडं फार हळू गार होतं. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर गरम करा. स्लो कुकर शिजवायला आहे, गार अन्न तापवायला नाही.

घ्यावा का?

घरी इन्व्हर्टर असेल आणि पाण्याची चाचणी ८५ च्या वर येत असेल तर जरूर घ्या, आणि फिरवायच्या बटणाचा साधा कुकर घेतलात तरी चालेल. इन्व्हर्टर नसेल तर दिवसभर कोणीतरी घरी असतं अशाच दिवशी तो लावा. व्होल्टेज रोज पडत असेल तर त्या पैशांत चांगला प्रेशर कुकर घ्या. हेच सूप त्यातही होतं. दूध आणि चीज मात्र तिथेही शेवटीच घाला.