बदललेला पार्ट मागून घ्या!
जालना रोडवर माझ्या मामेभावाचे ब्रेक दुरुस्तीनंतर तिसऱ्याच दिवशी दगा देऊन गेले. मिस्त्री म्हणाला, "भाई, पार्टच खराब निघाला." काढलेला जुना पार्ट मात्र भंगारात गेलेला! पुष्कळ तक्रारी इथेच लंगड्या पडतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरते. २ वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. वकील लागतोच असे नाही. दुरुस्तीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. वाटसरू जखमी झाला, तर त्याचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, आणि तो गाडीमालकावर व विमा कंपनीवर. तिथे 'ब्रेक फेल झाले' एवढ्यावर मालक सुटत नाही. गाडीची निगा राखल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा म्हणजे पक्के बिल आणि जॉबकार्ड. तज्ज्ञाने दोष लिहून देईपर्यंत गाडी दुसऱ्या गॅरेजात उघडू देऊ नका.