पाण्याखालचा हिशेब

बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. तरी पाण्याची हौस येथल्या मुलांना उपजतच असते. उन्हाळ्याच्या सुटींत मळ्यांतल्या विहिरींत सूर मारून तळची माती मुठींत वर आणून दाखविणें, हा पराक्रम कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हींच मुलें हल्लीं शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं पुण्यामुंबईस जातात, आणि चार दिवस मोकळे मिळाले कीं तारकर्लीस जाऊन, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरण्याची विद्या शिकतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तेथें या विद्येची संस्थाच काढलेली आहे. मग एके दिवशीं घरीं निरोप येतो कीं, आतां डाइव्ह कॉम्प्युटर हवा. मनगटावर बांधावयाचें हें यंत्र चैनीचें कीं गरजेचें, आणि घ्यावयाचें तर कोणतें, असा प्रश्न वडील मंडळींस पडतो. त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विहिरींतली बुडी आणि टाकीची बुडी यांत मोठा भेद आहे. श्वास रोखून बुडी मारणारा मुलगा मिनिटाभरांत वर येतो. टाकीवाला अर्धा-पाऊण तास पाण्याखालीं श्वास घेत राहतो. समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो; म्हणजे २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. अशा दाबाची हवा घेतली कीं तींतला नायट्रोजन रक्तांत व स्नायूंत विरघळूं लागतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनें आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे शरीरांतच होतात. सांधे ठणकणें, अंग बधिर होणें, क्वचित् पाय लुळे पडणें, हे त्याचे परिणाम. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालतांना मुख्य इंजिनीअर वॉशिंग्टन रोब्लिंग हे १८७२ सालीं याच व्याधीनें जायबंदी झाले.

जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानें शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं यावर कोष्टकें प्रसिद्ध केलीं. पुढें झुरिचच्या ब्यूलमान यांनीं शरीराचे १६ कल्पित भाग धरून हा हिशेब अधिक बारकाईनें मांडला. त्यांतला पहिला भाग चार-पांच मिनिटांत निम्मा भरतो, तर शेवटच्यास ६३५ मिनिटें लागतात. मोठ्या कुटुंबाच्या पंगतींत कोणी झटपट जेवून उठतो, कोणी तासभर रेंगाळतो. आणि शेवटचा उठेपर्यंत पंगत संपली असें म्हणतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. १९८३ च्या सुमारास हा हिशेब पाण्याखालींच करणारीं यंत्रें बाजारांत आलीं. किती खोल आहां, आणखी किती मिनिटें राहतां येईल, वर येण्याचा वेग फार तर नाहीं ना, आणि ५ मीटरवर तीन मिनिटें थांबलां कीं नाहीं, एवढें तें सांगतें. याहून अधिक जें कांहीं, तें सोयीचें आहे, गरजेचें नव्हे.

आतां निवडीकडे वळूं. एकदांच हौसेखातर शिक्षकाचा हात धरून उतरणारास हें यंत्र विकत घेण्याचें कारण नाहीं. शिकणारानेंही आधीं शिक्षण पुरें करावें आणि कांहीं बुड्या भाड्याच्या यंत्रावर माराव्या. घेतांना पहिली परीक्षा वाचनीयतेची. मालवणचें पाणी पुष्कळदां गढूळ असतें. चाळिशी लागलेल्या गृहस्थास बारीक आंकडे तेथें दिसावयाचे नाहींत. टाकींतली हवा बिनतारी दाखविण्याची सोय चांगली. परंतु तिच्या प्रेषकास निराळा सेल लागतो, म्हणून कांट्याचें दाबमापक जवळ असावेंच.

खरा वाद आहे तो विजेचा. साध्या करड्या पडद्यास वीज थोडी लागते. त्यामुळें सुन्टो झूप नोव्हो किंवा क्रेसी लिओनार्दो यांसारखीं यंत्रें नाण्याएवढ्या एका सेलवर दीर्घकाळ चालतात. रंगीत, तेजस्वी पडद्यास वीज फार. म्हणून शिअरवॉटर पेरेग्रीन हें यंत्र चार्ज करावें लागतें, आणि एका भरणींत सुमारें ३० तासांपर्यंत चालतें. त्याच कंपनीचें पर्डिक्स मात्र साध्या पेन्सिल-सेलवर चालतें, जो कोणत्याही खेड्यांतल्या दुकानांत मिळतो. नाण्याच्या आकाराचे सेल तसे मिळतीलच असें नाहीं. म्हणून एक जादा जवळ बाळगावा. सेल बदलतांना रबरी कड्यावर एक केस वा वाळूचा कण राहिला तरी पाणी आंत शिरतें. चार्ज होणाऱ्या यंत्रांत ही भीति नाहीं. परंतु त्याची बॅटरी वर्षांगणिक क्षीण होते, आणि बहुधा ती घरीं बदलतां येत नाहीं. वर्षांतून एक-दोनदां जाणारानें सेलाचें यंत्र घ्यावें, महिन्याला जाणारानें चार्जचें, असें आमचें मत आहे. कोणतेंही असो, किनाऱ्यावरच बॅटरी कमी दिसली तर त्या दिवशीं उतरूं नये.

एकत्र कुटुंबांत एक वस्तु चौघांनीं वापरण्याची रीत आहे, आणि ती चांगलीही आहे. येथें मात्र ती घातक ठरेल. सकाळीं थोरल्यानें बांधलेलें यंत्र दुपारीं धाकट्यानें बांधलें, तर थोरल्याच्या अंगांतला नायट्रोजन तें धाकट्याच्या नांवें लिहितें. आणि धाकट्यानें सकाळीं त्यावांचून बुडी मारली असेल, तर ती हिशेबांत येतच नाहीं. ज्याचें शरीर त्याचें यंत्र, हा नियम मोडूं नये. दोन भावंडांना एक महाग यंत्र घेण्यापेक्षां दोन साधीं घ्यावीं.

दुसरी गोष्ट आमच्या घाटावरच्या मंडळींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. बुडीनंतर उंचावर गेल्यास हवेचा दाब कमी होतो व अंगांत उरलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा संभव वाढतो. म्हणून विमानांत बसण्यापूर्वीं एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबावें, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीस लागू धरतात. आणि आंबोलीचा घाटमाथा ७०० मीटरच्या आसपास आहे. दुपारीं समुद्रांतून निघून रात्रींच्या गाडीनें बीडची वाट धरणें म्हणूनच बरें नव्हे. यंत्रावर विमानाची मनाई दाखविणारें चिन्ह असतें; तें मावळेपर्यंत मालवणांतच मुक्काम करावा.

बीडची स्वतःची उंचीही सुमारें ५०० मीटर आहे. ३०० मीटरच्या वरच्या जलाशयांत उतरतांना यंत्रास उंचीची जाणीव द्यावी लागते. कांहीं यंत्रें ती आपण होऊन घेतात, कांहींत हातानें बदल करावा लागतो. माजलगांवच्या धरणांत शिक्षित पथकाबरोबर उतरण्याचा प्रसंग कोणास आला, तर हें आधीं पाहावें.

तेव्हां चिरंजीवांनीं किंवा कन्येनें यंत्र मागितलें, तर वडिलांनीं किंमतीच्या आधीं एवढेंच विचारावें: तूं वर किती सावकाश येतोस, आणि घाट चढण्यापूर्वीं किती थांबतोस? उत्तर नीट आलें तर यंत्र अवश्य घेऊन द्यावें. हिशेब यंत्र ठेवील. तो पाळावयाचा मात्र माणसानेंच.